सहा वर्षांच्या मुलाला नियोजन शिकवता येते का?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि मुलगी तीन आठवड्यांनी पाच वर्षांची होईल. मुलाला कोणत्याही गोष्टीचा आधी विचार करून ठेवणे जमत नाही. उद्या शाळेत रंगीत कागद न्यायचा आहे, हे त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवते. ठोकळ्यांचा पूल बांधायला बसला की अर्ध्यावर ठोकळे संपतात आणि मग रडारड होते. दोन महिन्यांपूर्वी मी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचे रंगीत वेळापत्रक तयार करून स्वयंपाकघराच्या दारावर लावले आणि ते पाळले की चांदणी मिळेल, असे ठरवले. आठ दिवस छान गेले, नंतर तो त्याकडे बघेनासा झाला. आता रोज सकाळी आरडाओरडा होतो. यजमान म्हणतात, ‘मोठा झाला की आपोआप शिकेल, तू उगाच मागे लागतेस.’ एवढ्या लहान मुलाला नियोजन शिकवता येते का, की माझेच चुकते आहे?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना माझी नजर वेळापत्रकाच्या मजकुरापाशी थांबली. कोणते काम आधी घ्यायचे, कोणते नंतर, कशाला किती वेळ लागेल आणि घाई कुठे होईल, हा सगळा विचार तुम्ही एकटीने बसून केलात आणि तो मनापासून केलात, हे तुमच्या वर्णनावरून दिसते. पण त्यामुळे नियोजनातला शिकण्यासारखा भाग तुमच्याकडेच राहिला आणि मुलाच्या वाट्याला फक्त अंमलबजावणी आली. आठ दिवस त्याने तुमचे म्हणणे ऐकले आणि चांदण्या मिळवल्या. नवव्या दिवशी चांदणीतली गंमत संपली. यात त्याचा आळस मला दिसत नाही आणि तुमचा गुन्हाही दिसत नाही. जे शिकवायचे होते ते त्याच्या हाती कधी आलेच नाही, एवढेच झाले आहे, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखे आहे.

आधी सकाळचा प्रश्न बाजूला काढू. दात घासणे, आंघोळ, कपडे आणि दप्तर ही कामे रोज त्याच क्रमाने होतात. त्यांत ठरवण्यासारखे काही नसते, म्हणून ती सवयीवर सोपवावीत. सवय लागायला तोच क्रम, तीच जागा आणि त्याच वेळी दिलेली एखादी खूण पुरते. रात्री दप्तर भरून दाराशी ठेवायचे आणि कपडे काढून ठेवायचे, इतके तुम्ही दोघांनी मिळून काही आठवडे न चुकता केलेत तर सकाळचा बराचसा गोंधळ ओसरेल. घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या आईने त्याच वेळी मुलाला दूरदृष्टी शिकवावी, ही अपेक्षा दोघांवरही अन्याय करणारी आहे. नियोजन शिकवण्यासाठी निवांत वेळ हवा, आणि त्याला स्वतःला मनापासून करावेसे वाटणारे काम हवे.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळते, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. पुढचा विचार करणे, क्रम लक्षात ठेवणे आणि समोर आलेल्या मोहाला थोपवणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागावर अवलंबून असतात, आणि हा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसासारखे आठवड्याचे नियोजन करावे, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. पण ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही. ही क्षमता वाढायला लागते फार लवकर. थॉमस सुडेंडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मुलांना एका खोलीत न उघडणारी पेटी दाखवली, मग त्यांना दुसऱ्या खोलीत नेले आणि पंधरा मिनिटांनी काही वस्तू समोर ठेवून, परत तिकडे जाताना यातली कोणती न्यायची, असे विचारले. चार वर्षांच्या मुलांनी पेटीला उपयोगी पडणारी वस्तू अंदाजपंचे निवडीपेक्षा अधिक वेळा उचलली. तीन वर्षांच्या मुलांना ते जमले नाही. म्हणजे डोळ्यांसमोर नसलेली अडचण आठवून तिची तयारी करण्याची कुवत चौथ्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते. तुमच्या मुलीने तो उंबरठा अलीकडेच ओलांडला आहे आणि मुलगा त्याच्या बराच पुढे आला आहे. पुढे ही कुवत किती कामाला लागते, हे बरेचसे तिला कामाला लावण्यावर ठरते.

हे घडते कसे, ते मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. मी बालवर्गात शिकवत असताना एका पाच वर्षांच्या मुलीने आजारी मैत्रिणीसाठी शुभेच्छापत्र करायला घेतले. तिला ‘लवकर बरी हो’ असे लिहायचे होते. ‘लवकर’ तिने इतके ठसठशीत लिहिले की कागदाची जवळजवळ सगळी रुंदी त्यातच गेली. ‘बरी’ कडेला चिकटून कसेबसे बसले आणि ‘हो’ला जागाच उरली नाही, तो कागदाच्या काठावरून खाली घसरत गेला. तिने पत्र हातात धरून आडवे-उभे फिरवले आणि तिचे डोळे भरून आले. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारले, “कुठे अडलं गं?” ती म्हणाली, “कागद संपला.” मी म्हटले, “आणि अक्षरं?” ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, “अक्षरं उरली.” मी तिच्यापुढे दुसरा कागद ठेवला आणि गप्प राहिले. तिने बोटांवर अक्षरे मोजली, ती सात भरली. मग पेन्सिलीने सात बारीक ठिपके दिले, दोन खोडले, पुन्हा दिले आणि त्या ठिपक्यांवर एकेक अक्षर बसवले. दुसऱ्या पत्रातही ‘हो’ थोडा दाटीवाटीनेच बसला होता, पण त्याची तिला फिकीर नव्हती.

ठिपक्यांची युक्ती तिला कोणी सांगितली नव्हती. मी आधीच पट्टीने रेघा आखून दिल्या असत्या तर पहिलेच पत्र देखणे झाले असते, पण अक्षरे आणि जागा यांचा मेळ लिहिण्याआधी घालायचा असतो, हे तिला त्या दुपारी कळले नसते. पहिला कागद फुकट गेला, त्याच्याकडे तिने नीट पाहिले, आणि लगेच दुसरा कागद मिळाला, या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्यामुळे ते शक्य झाले. तुमच्या मुलाच्या पुलाचे ठोकळे अर्ध्यावर संपतात तेव्हा यातली पहिली गोष्ट त्याच्याकडे असते. दुसरी आणि तिसरी त्याला तुमच्याकडून हवी आहे. रडू ओसरू द्यावे, मग पडलेल्या पुलाशेजारी जमिनीवर बसावे आणि “ठोकळे कुठे जास्त लागले रे?” एवढेच विचारावे. “मी तुला आधीच सांगितलं होतं” हे वाक्य ओठांवर आले तरी गिळावे, कारण ते ऐकल्यावर मुलाचे लक्ष पुलावरून उठते आणि स्वतःच्या बचावाकडे जाते.

मुलाला विचार कसा करायचा हे दाखवताना आपल्या हाती मुख्य साधन असते ते बोलण्याचे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी लहान मुलांच्या स्वतःशी चाललेल्या बोलण्याकडे बारकाईने पाहिले होते. अगदी लहान मूल आधी चित्र काढते आणि मग ते कशाचे आहे हे सांगते. थोडे मोठे झाले की काढता काढता सांगते. आणि आणखी मोठे झाले की काढण्याआधीच “मी आता घर काढणार” असे म्हणते. बोलणे कामाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे सरकते, आणि ते सुरुवातीला पोहोचले की त्यातूनच नियोजन होऊ लागते. तेव्हा मुलगा खेळताना एकट्याने पुटपुटत असेल तर त्याला गप्प करू नका. तुम्ही स्वतःही काम करताना तुमचा विचार मोठ्याने बोलून दाखवा. “मला आज तीन कामं आहेत. पाऊस येईलसं वाटतंय, म्हणून बाहेरचं आधी करते, आतलं नंतर केलं तरी चालेल,” असे एखादे वाक्य त्याच्या कानावर पडले, की क्रमामागचे कारण त्याला ऐकू येते. एरवी मुलांना आपले निर्णय तयार मिळतात. ते घेताना मनात काय चालले होते ते त्यांना कधी दिसत नाही.

याच ओघात भाषेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. काळाचे शब्द मुलांना जड जातात, आणि मराठीत तर ‘परवा’ हा एकच शब्द होऊन गेलेल्या दिवसालाही लागतो आणि येणाऱ्या दिवसालाही. पाच वर्षांच्या मुलीला “परवा तुझ्या मैत्रिणीकडे जाऊ” म्हटल्यावर ती “गेलो होतो की!” म्हणाली, तर तिची चूक काढण्यात अर्थ नाही. “आज झोपायचं, उद्या झोपायचं, आणि मग उठल्यावर जायचं” असे सांगितले की तिला तो दिवस मोजता येतो. ‘आधी’, ‘मग’, ‘तोपर्यंत’, ‘झाल्यावर’ हे साधे शब्द रोजच्या बोलण्यात जितके नेमकेपणाने येतील तितका मुलांच्या मनातला क्रम स्पष्ट होत जातो.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे डेव्हिड वायकार्ट यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पातून पुढे हायस्कोप ही शिक्षणपद्धती आकाराला आली. तिच्यात बालवर्गातल्या मुलाने आज आपण काय करणार हे आधी सांगायचे, ते करायचे आणि मग काय झाले ते आठवून सांगायचे, असा रोजचा परिपाठ असतो. घरी एवढी शिस्त शक्य नाही आणि तिची गरजही नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळच्या खेळाआधी, “आज काय करायचं ठरवलं आहेस?” असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. चार-साडेचार वर्षांच्या मुलाचे उत्तर एका शब्दाचे असू शकते, किंवा ते नुसते खेळण्यांच्या खोक्याकडे बोट दाखवेल. त्याच्या वयाला ते पुरेसे नियोजन आहे. सहा वर्षांच्या मुलाला आणखी दोन प्रश्न पेलतात : त्यासाठी काय काय लागेल, आणि यात अडेल कुठे. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अडचण आधी दिसली की मुलाला वाट वळवता येते, आणि पूल कोसळल्यावर होणारी रडारडही कमी होते, कारण पूल पडू शकतो हे त्याने स्वतःच सांगितलेले असते.

बहुतेक घरांत गाळला जातो तो शेवटचा टप्पा. खेळ संपला की आवरायची घाई असते, आणि ठरवलेले काय होते, झाले काय, हा विषय तिथेच संपतो. त्यासाठी तीन मिनिटे पुरतात. रात्री अंथरुणावर, जिथे त्याला नाहीतरी रंगीत कागद आठवतो तिथेच, “आज पुलाचं कसं झालं?” असे विचारून बघा. त्याने ठरवले एक आणि केले भलतेच असेल, तर रागावण्यासारखे त्यात काही नाही. “मधेच बेत बदललास, कशामुळे?” हा प्रश्न कुतूहलाने विचारला तर त्याला स्वतःच्या विचाराचा माग लागतो, दरडावून विचारला तर पुढच्या वेळी तो बेत सांगणारच नाही.

मदत किती करायची, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ च्या एका लेखात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना मोठ्या माणसाची मदत कशी असते याचे वर्णन केले होते, आणि त्या मदतीला इमारतीभोवती उभारलेल्या परांचीची उपमा दिली होती. परांची इमारतीचा भाग नसते. बांधकाम पुढे जाईल तशी ती काढत जातात. घरी याचा अर्थ असा, की मुलगा अडला तर एक पायरी पुढे व्हावे आणि त्याला जमू लागले की एक पायरी मागे यावे. आधी नुसते पाहावे, मग प्रश्न विचारावा, मग दोन पर्याय सुचवावेत आणि तरीही अडले तर एक तुकडा करून दाखवावा. आपण मोठी माणसे बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे वेळ वाचतो. कामासाठी लागणाऱ्या वेळाचा अंदाज मात्र त्याला खेळ म्हणून बांधू द्या : बूट घालायला जास्त वेळ लागेल की खेळणी भरायला, आधी सांग, मग मोजू. अंदाज चुकणारच. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते, की कामाला लागणारा वेळ आपण बहुतेकदा कमी धरतो, आणि ते मोठ्यांविषयी लिहीत होते.

रंगीत कागदासारखे प्रसंग थोडे वेगळे हाताळावेत. स्वतःच्या चुकीचा परिणाम मुलाने भोगावा, तरच तो शिकेल, असा सल्ला तुम्हाला पुष्कळजण देतील. घरातल्या पुलाच्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला सगळ्या वर्गासमोर रिकाम्या हाताने उभे राहू देणे मला पटत नाही, कारण त्या लाजेत विचाराला जागा उरत नाही. त्या रात्री कागद शोधून द्यावा, न बोलता. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, पोट भरलेले आणि मन शांत असताना, “शाळेत सांगितलेलं घरी येईपर्यंत विसरू नये म्हणून काय करता येईल?” हे त्याला विचारावे. तो जो उपाय सांगेल तो, तुम्हाला कितीही अव्यवहार्य वाटला तरी, आठवडाभर करून पाहू द्यावा. मला एका मुलाने सांगितलेला उपाय होता डब्याच्या पिशवीला गाठ मारण्याचा. तो उपाय त्याचा स्वतःचा असल्यामुळे गाठ दिसली की त्याला आठवायचे. मी सुचवलेली वही त्याने दोनदाच उघडली होती.

चांदण्या मी बंद करीन. त्या त्याने ऐकल्याबद्दल मिळत होत्या, विचार केल्याबद्दल नव्हे, आणि पहिल्या पुलापेक्षा दुसऱ्या पुलाला कमी ठोकळे लागले, याचा आनंद त्याला पुरेसा असतो, फक्त तो तुमच्या लक्षात आल्याचे त्याला दिसले पाहिजे.

धाकटीची आणि त्याची तुलना टाळा. तिच्या वयाला नियोजनाची सर्वांत चांगली शाळा म्हणजे नाटक-नाटक खेळणे. “तू डॉक्टर हो, मी आजारी; आणि हा बाहुला बाहेर नंबर लावून बसलाय,” असे ठरवताना ती कोणी काय करायचे आणि पुढे काय होणार हे आधी मनात मांडते, आणि आपल्या भूमिकेत राहण्यासाठी मनात येणाऱ्या इतर गोष्टींना आवरही घालते. तिला या खेळात भावाने सामील करून घेतले तर दोघांचाही फायदा आहे.

तुमच्या पत्रात काळजी वाटावी असे मला काही आढळले नाही. पण दोन-तीन पायऱ्यांची साधी सूचना पाळणे मुलाला समवयस्कांच्या मानाने फारच जड जात असेल, ते घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असेल आणि सहा महिन्यांहून अधिक काळ तसेच चालले असेल, तर शिक्षकांशी बोलून बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी तुमच्या हाती असलेल्या एका चांगल्या संधीविषयी. मुलीच्या वाढदिवसाला तीन आठवडे आहेत. बहिणीसाठी काय करायचे, हे मुलाला ठरवू द्या. ते एका बैठकीत न होणारे पण त्याच्या आवाक्यातले असावे, इतकेच तुम्ही पाहा. स्वयंपाकघराच्या दारावरचे वेळापत्रक त्यालाच खाली उतरवू द्या. मागची बाजू पाठकोरी असेलच. त्यावर त्याला त्याच्या बेताची चित्रे काढू द्या : आधी काय, मग काय, आणि वाढदिवसाआधी झोपायच्या किती रात्री उरल्या. रोज रात्री एक खूण त्याने खोडावी. चित्रे वेडीवाकडी आली, क्रम चुकलेला दिसला, तरी पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या, आणि आठ-दहा रात्रींनंतर त्याने स्वतःहून एखादे चित्र खोडून दुसरीकडे काढले, तर ते मला जरूर कळवा.